ट्रायल बाइकचं वजन कमी करायचंय? पण कुठला किलो?

पीएचडी एंट्रन्स झाली की आरआरसीसमोर प्रेझेंटेशन द्यावं लागतं आणि त्याआधी बरेच जण मला टॉपिक पाठवून विचारतात, "हा चालेल का?" मेकॅनिकल आणि मटेरियलवाल्यांच्या टॉपिकचा एक साचाच ठरून गेलाय. अमुक पार्टचं वजन, तमुक सॉफ्टवेअर वापरून, इतके टक्के कमी करणे. कधी कनेक्टिंग रॉड, कधी लीफ स्प्रिंग, कधी स्विंगआर्म. पार्ट बदलतो, टक्के बदलतात, निष्कर्ष मात्र कायम तोच: "वजन कमी झाले, स्ट्रेस मर्यादेत आहे." यंदा एकाने ट्रायल बाइकचं नाव घेतलं. निवड मला आवडली, कारण वजन म्हणजे नेमकं काय हे या गाडीवर जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच गाडीवर दिसत नाही. पण "वजन कमी करणे" हा अजून प्रश्न झालेला नाही, ती फक्त इच्छा आहे. इच्छेचा प्रश्न कसा होतो, ते या लेखात बघू.

आधी ट्रायल म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी बघितलेला नाही. ही रेस नाही. दगड, नाले, ओंडके, चढ-उतार यांचे छोटे छोटे टप्पे आखलेले असतात आणि त्यातून पाय जमिनीला न लावता गाडी काढायची असते. एकदा पाय टेकला तर १ गुण दंड, दोनदा टेकला तर २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर ३, आणि टप्पा पूर्णच झाला नाही तर ५. ज्याचा दंड सगळ्यात कमी, तो जिंकला. वेग जवळजवळ माणसाच्या चालीइतका. राजूर घाटात रस्ता सोडून खाली उतरलं की काळ्या पाषाणाचे जे गोटे लागतात, त्यावरून गाडी उभ्याने न्यायची असं समजा. सीट नसतेच, कारण बसायचंच नसतं.

आता वजनाचे आकडे बघू. रॉयल एनफिल्डने २०१९ मध्ये भारतात 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी काढली होती. ती साधारण १९० किलोची. नाव अगदीच उसनं नव्हतं. मागे स्विंगआर्म असलेली पहिली बुलेट १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या एका ट्रायल स्पर्धेतच लोकांसमोर आली होती. पण आजच्या स्पर्धेतली खरी ट्रायल गाडी ७० किलोच्या आसपास असते. स्पेनची गॅसगॅस ही त्यातली एक नावाजलेली कंपनी. केटीएमच्या समूहाने २०१९ मध्ये तिच्यात हिस्सा घेतला, आणि त्या समूहात आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोची २००७ पासून भागीदारी आहे. म्हणजे जगातल्या सगळ्यात हलक्या मोटारसायकलींपैकी एका ब्रँडचा धागा चाकणपर्यंत येऊन पोहोचतो. असो.

१९० आणि ७०. मधले १२० किलो गेले कुठे? टायटॅनियममुळे गेले, कार्बन फायबरमुळे गेले, असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. त्यापेक्षा आपल्या दारातली स्प्लेंडर घ्या. पेट्रोलसकट तिचं वजन ११२ किलो. तिच्यावर काय काय आहे ते नुसतं मोजा. दोघांची लांब सीट, साडीगार्ड, लेगगार्ड, मेन स्टँड, साइड स्टँड, बॅटरी, हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, पत्र्याचे मडगार्ड, मागचं कॅरियर. टाकी ९.८ लिटरची. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणजे भरलेल्या टाकीत सात किलोच्या वर नुसतं पेट्रोल. ट्रायल गाडीची टाकी दोन-तीन लिटरची असते. इथेच पाच किलो गेले, आणि एक ग्रॅम धातूसुद्धा बदलला नाही.

ट्रायल गाडी हलकी असते ती मुख्यतः तिच्याकडून बरीच कामं काढून घेतली म्हणून. दोन माणसं न्यायची नाहीत, रात्री चालवायची नाही, शेगावहून अकोल्याला जायचं नाही. प्रत्येक काम गेलं की त्या कामाचं वजन गेलं. माझ्या मते वजन कमी करण्याचा हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित रस्ता आहे. दुर्लक्षित, कारण त्यात सॉफ्टवेअरचे रंगीत फोटो निघत नाहीत. म्हणून कुठल्याही पार्टला हात लावण्याआधी एक वही करा. एका रकान्यात पार्ट, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात "हा काय काम करतो", आणि चौथ्यात "ते काम आपल्याला हवंय का". चौथा रकाना भरताना जो वाद होतो, तोच तुमच्या संशोधनाचा पहिला खरा भाग.

एक सूचना इथेच. हे सगळं स्वतःच्या वावरात, मोकळ्या जागेत चालणाऱ्या सरावाच्या गाडीबद्दल चाललंय. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने बंदी आहे. लाइट-हॉर्न काढलेली स्प्लेंडर घेऊन चिखलीच्या बाजारात जाऊ नका.

वजन करणं वाटतं तितकं सोपं नाही

तुम्ही म्हणाल, वजन करण्यात काय संशोधन? बाजार समितीतल्या काट्यावर गाडी चढवली, झालं. बरं, त्या काट्याचा लीस्ट काउंट ५० ग्रॅम आहे असं धरू. तुम्ही गाडीचं वजन केलं, आठ बोल्ट बदलले, पुन्हा वजन केलं आणि लिहिलं, "४० ग्रॅम वजन कमी झाले." हे वाक्य अर्थशून्य आहे. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेला छोटा आकडा काट्याच्या चुकीतच बुडून जातो. ४० ग्रॅम मोजायचे असतील तर बोल्ट वेगळे काढून खामगावच्या चांदीच्या दुकानातल्या काट्यावर ठेवा. आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे, क्विंटल मोजणारेही इथे आहेत आणि मिलिग्रॅम मोजणारेही. प्रश्न कुठला त्यावर काटा कुठला हे ठरतं.

दुसरी भानगड म्हणजे, वजन कुठल्या अवस्थेतलं? कंपन्या कधी ड्राय वेट सांगतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल नसताना, तर कधी कर्ब वेट, म्हणजे सगळं भरून. एका कंपनीचं ड्राय आणि दुसरीचं कर्ब समोरासमोर ठेवून "आमची गाडी हलकी" म्हणणारे पेपर मी वाचलेत. आणि पावसाळ्यात आपल्याकडे तिसरी अवस्था असते, चिखलासकटची. काळ्या मातीत गाडी घातली की चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत माती अशी थापली जाते की चाक फिरायचं थांबतं. एकदा तसंच्या तसं चाक काढून वजन करून बघा, मग धुऊन पुन्हा करा. त्यापुढे टायटॅनियम बोल्टची बचत किती क्षुल्लक आहे ते लगेच कळेल. मडगार्ड आणि टायरमधली फट वाढवणं, माती अडकणारे कोपरे बुजवणं हे इथलं वजन कमी करणं आहे. स्पेनमधल्या गाडीचा अभ्यास करून हे सुचणार नाही.

काट्यावर गाडी चढवतच आहात तर पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं मोजा. दुसरं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवा, नाहीतर गाडी कलते आणि आकडा बदलतो. पुढच्या चाकावरचं वजन भागिले एकूण वजन, गुणिले दोन चाकांच्या आसांमधलं अंतर. झालं, मागच्या आसापासून गुरुत्वमध्य किती पुढे आहे ते मिळालं. अकरावीचं फिजिक्स आहे, पण हा आकडा किती जणांच्या थिसिसमध्ये असतो ते बघा.

सगळे किलो सारखे नसतात

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ट्रायलमध्ये चालक सतत पुढचं चाक उचलत असतो. त्या क्षणी गाडी मागच्या आसाभोवती फिरते. ट्रायल गाडीत दोन आसांमधलं अंतर साधारण १.३ मीटर असतं. इंजिन मागच्या आसापासून ०.६ मीटर पुढे आहे असं धरू.

गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलायला लागणारा टॉर्क अंतराच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे पुढच्या आसावरचा १ किलो हा इंजिनाजवळच्या १.३ ÷ ०.६, म्हणजे जवळपास सव्वादोन किलोंच्या बरोबरीचा. पण चालक चाक हळूहळू उचलत नाही, झटक्यात उचलतो. तिथे मोमेंट ऑफ इनर्शिया (जडत्व आघूर्ण) येतो आणि तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १.३ चा वर्ग १.६९, ०.६ चा वर्ग ०.३६. म्हणजे झटक्याच्या हिशोबात पुढच्या आसावरचा एक किलो इंजिनाजवळच्या पावणेपाच किलोंइतका जड. आणि तोच किलो मागच्या आसावर असेल तर या हालचालीत जवळजवळ शून्य.

एवढ्यावर खूश होऊन "मग मागचं वजन कितीही चालेल" असं लिहू नका. पूर्ण गाडी उडवून दगडावर चढवायची असते तेव्हा प्रत्येक किलो सारखाच उचलावा लागतो, १ मीटरला सुमारे ९.८ ज्यूल, मग तो कुठेही असो. शिवाय चाक, ब्रेक डिस्क, फोर्कचा खालचा भाग हे सस्पेन्शनच्या खालचं वजन. ते जितकं जास्त तितकं चाक दगडाच्या आकाराप्रमाणे वर-खाली व्हायला आळशी होतं, आणि टायर दगड सोडतो. त्यामुळे पुढची रिम ही सगळ्यात महागडी जागा ठरते. ती आसापासून लांब आहे, स्प्रिंगखाली आहे आणि वरून फिरतेसुद्धा. पण नेमकी तीच रिम ४-५ पीएसआय हवेच्या मऊ टायरमधून दगडाचा मार खाते. जिथे कमी करावंसं वाटतं तिथेच कमी करणं धोक्याचं. या ओढाताणीला मी संशोधनाचा प्रश्न म्हणेन.

आता एक उलटं उदाहरण. ट्रायलचे बरेच चालक इंजिनच्या फ्लायव्हीलला मुद्दाम पाव-अर्धा किलो वजन जोडतात. होय, जोडतात! अगदी कमी आरपीएमवर इंजिन बंद पडू नये आणि प्रत्येक स्फोटाचा धक्का मागच्या टायरपर्यंत तीक्ष्ण जाऊ नये म्हणून. ओल्या दगडावर टायर घसरतो तो याच धक्क्यांनी. फिरतं वजन जास्त असेल तर ऊर्जा साठते आणि ओढ गुळगुळीत होते. ७० किलोच्या गाडीत ग्रॅम-ग्रॅमसाठी झगडणारा माणूस इथे स्वतःहून वजन वाढवतो, कारण त्या वजनाला काम आहे. ज्याचा टॉपिक फक्त "टक्के कमी करणे" आहे, त्याच्या चौकटीत हे बसतच नाही.

धातू बदलला की हलकं होतं?

स्टीलच्या जागी ॲल्युमिनियम टाकलं की वजन एकतृतीयांश, हे बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. घनता बघितली तर खरंच आहे. स्टील घनमीटरला ७,८५० किलो, ॲल्युमिनियम २,७००. पण पार्टला आपण घनतेसाठी नाही, ताठपणासाठी आणि मजबुतीसाठी ठेवतो. स्टीलचा यंग मॉड्युलस साधारण २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. ताठपणा भागिले घनता काढा. स्टीलसाठी (घनता टन प्रति घनमीटरमध्ये घेऊन) २५.५, ॲल्युमिनियमसाठी २५.९. टायटॅनियमचा मिश्रधातू, ११४ भागिले ४.४३, पुन्हा २५.७. मॅग्नेशियमही त्याच्याच जवळपास. निसर्गाने जणू सगळ्यांना एकाच ताटात वाढलंय. सरळ ओढ घेणारी सळई असेल आणि तेवढाच ताठपणा हवा असेल, तर स्टीलऐवजी ॲल्युमिनियम वापरून वजन कमी होतच नाही! तिप्पट हलकं, पण तिप्पट जाड.

मग ॲल्युमिनियमच्या फ्रेम का असतात? कारण गाडीतले बहुतेक पार्ट वाकवले जातात, नुसते ओढले जात नाहीत. वाकण्यात आकाराचा हात मोठा असतो. दांडा सगळ्या बाजूंनी जाड करायची मुभा असेल तर ताठपणाचं वर्गमूळ भागिले घनता हा निकष लागतो. स्टीलचं १.८, ॲल्युमिनियमचं ३.१. म्हणजे तेवढाच ताठ दांडा सुमारे ४२ टक्के हलका. सपाट पत्रा असेल तर घनमूळ येतं आणि बचत निम्म्याच्या आसपास जाते. केंब्रिजच्या मायकेल ॲशबी यांनी ही पद्धत रुळवली आणि 'मटेरियल्स सिलेक्शन इन मेकॅनिकल डिझाइन' हे त्यांचं पुस्तक प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत असायला हवं. मुलाखतीला जाण्याआधी त्यातली पहिली काही प्रकरणं वाचाच.

आणि नळी. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्यातला ताठपणा त्रिज्येच्या घनाच्या आणि जाडीच्या गुणाकारावर चालतो. तेवढाच धातू घेऊन नळीचा व्यास दुप्पट केला तर भिंत निम्मी होते, आणि ताठपणा ८ चा अर्धा, म्हणजे चौपट. बांबूला हे केव्हाचं माहीत आहे, आणि गॅलिलिओने १६३८ मध्ये पोकळ हाडांबद्दल आणि नळ्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय. मग व्यास दहापट का करत नाही? कारण भिंत पत्र्याच्या डब्यासारखी होते आणि पहिल्याच दगडावर चेपते. चेपलेल्या नळीचं वरचं गणित लागू राहत नाही. सॉफ्टवेअरला दगड माहीत नसतो, तो आपण सांगावा लागतो.

बोल्टचं थोडक्यात. समजा गाडीत सरासरी ८ ग्रॅमचे १०० बोल्ट आहेत, एकूण ८०० ग्रॅम. सगळे टायटॅनियमचे केले तर ३५० ग्रॅम वाचतील. पैसे किती जातील ते दुकानात विचारा आणि एका ग्रॅमला किती रुपये पडले ते वहीत लिहा. त्याच्या शेजारी "टाकीत अर्धा लिटर पेट्रोल कमी भरणे" हा पर्यायही लिहा.

भोकं पाडणाऱ्यांसाठी

गॅरेजमध्ये वजन कमी करण्याचा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे ड्रिल मशीन. ब्रेक पेडलला भोकं, ब्रॅकेटला भोकं, दिसायलाही रेसिंगसारखं दिसतं. रुंद पट्टी ओढली जात असेल आणि तिच्यात गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर स्ट्रेस तिप्पट होतो. जर्मनीच्या किर्शने १८९८ मध्ये हे गणिताने दाखवलं. भोकाचा आकार लहान केला तरी तिप्पट तो तिप्पटच.

एकदाच भार येणार असता तर कदाचित निभावलं असतं. पण गाडीवर भार लाखो वेळा येतो, आणि इथे माझा स्वतःचा विषय, फटीग, येतो. रेल्वेचे आस नेहमीच्याच भाराखाली अचानक का तुटतात याचा शोध घेताना व्होलरने एकोणिसाव्या शतकात हा विषय उभा केला. स्टीलला साधारणपणे एक मर्यादा असते, त्या स्ट्रेसखाली ते जवळजवळ कितीही फेरे सहन करतं. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही, लहान भारही मोजला जात असतो. आयुष्य स्ट्रेसच्या घातांकाने घटतं. घातांक ५ धरला आणि स्ट्रेस फक्त २० टक्के वाढला, तर १.२ चा पाचवा घात जवळपास २.५. पार्टचं आयुष्य अडीच पटीने कमी! वजन कमी झाल्याचं त्याच दिवशी काट्यावर दिसतं, आयुष्य कमी झाल्याचं दोन सीझननंतर एखाद्या उतारावर दिसतं, तेही हँडल किंवा फुटरेस्ट हातापायाखालून जाऊन. म्हणून "स्ट्रेस मर्यादेत आहे" या वाक्यावर परीक्षकाने विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: किती फेऱ्यांसाठी?

त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे, भार किती धरला? अंदाज काढून बघू. गाडी ७०, चालक ७०, मिळून १४० किलो, १ मीटरवरून खाली. सस्पेन्शन ०.१७ मीटर दबून थांबलं असं धरलं तर सरासरी बल एकूण वजनाच्या १.१७ ÷ ०.१७, म्हणजे जवळपास सातपट. हे सरासरी झालं, शिखर त्याहून वर. उलट चालक गुडघे वाकवतो, त्यामुळे त्याचं वजन जास्त अंतरात थांबतं आणि बल उतरतं. म्हणजे फ्रेमवरचा भार चालकाच्या गुडघ्यांवर अवलंबून! नवशिक्या चालक जास्त भार देतो. टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनची बीजं मिशेलच्या १९०४ च्या पेपरमध्ये आहेत आणि आजची संगणकी रीत बेंडसो आणि किकुची यांच्या १९८८ च्या कामापासून सुरू होते; पद्धत उत्तम आहे. पण तिला तुम्ही जो भार द्याल त्याच भारासाठी ती आकार काढून देते. टेबलवर बसून ठरवलेला भार दिला तर टेबलवर चालणारी गाडी मिळेल.

मग हलकी गाडी जिंकते का?

इतिहासात एक छान उदाहरण आहे. सॅमी मिलर हा उत्तर आयर्लंडचा चालक. त्याची एरियल ही ५०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी, मूळ मॉडेल सव्वाशे किलोंच्या पुढचं. त्याने वर्षानुवर्षं एकेक पार्ट बदलत ती सुमारे ११० किलोपर्यंत आणली. १९६४ च्या शेवटी तो स्पेनच्या बुलटाको कंपनीकडे गेला आणि तिथे टू-स्ट्रोक शेर्पा तयार झाली, नव्वद किलोच्या आसपास. स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९६५ मध्ये त्याने तिच्यावर जिंकली आणि जड ब्रिटिश गाड्यांचा काळ उतरणीला लागला.

वाचताना वाटतं, सिद्ध झालं. थांबा. १९६४ ची तीच स्पर्धा कुणी जिंकली होती? मिलरनेच, त्या ११० किलोच्या एरियलवर. चालक एकच, गाडीत वजनाबरोबर इंजिन, ओढ, लांबी सगळंच बदललेलं. यातून वजनाचा वाटा वेगळा काढता येत नाही. आणि स्पेनचा टोनी बाऊ २००७ पासून सलग विश्वविजेता आहे तो माँटेसाच्या फोर-स्ट्रोक गाडीवर, जी विक्रीच्या रूपात बऱ्याच टू-स्ट्रोक स्पर्धक गाड्यांपेक्षा काही किलो जडच आहे. सगळ्यात हलकी गाडीच जिंकते असं काही नाही.

वजनाचा परिणाम वेगळा काढायचा तर प्रयोग करावा लागेल, आणि तो वाटतो त्यापेक्षा स्वस्त आहे. वजन कमी करू नका, वाढवा. सारख्या दिसणाऱ्या तीन छोट्या पेट्या घ्या. एक फोर्कच्या खालच्या टोकाला, एक इंजिनाजवळ, एक मागच्या आसाजवळ घट्ट बांधा. प्रत्येक फेरीत त्यातल्या एकाच पेटीत १ किलो शिसं घाला, आणि काही फेऱ्यांत एकीतही घालू नका. चालकाला कुठे आहे ते सांगायचं नाही, पेटी भरणाऱ्याने चालकासमोर यायचं नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर चालक टप्पा शिकत जातो आणि शेवटच्या फेऱ्या उगाचच चांगल्या येतात. दंडाचे गुण लिहा, पण त्यावर विसंबू नका, ० ते ५ ची पट्टी फार जाडीभरडी आहे. पुढचं चाक ठरावीक उंचीवर न्यायला किती वेळ लागला ते मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये मोजा. आणि प्रत्येक फेरीनंतर चालकाला विचारा, "वजन कुठे होतं?"

त्याला ओळखता आलं नाही आणि वेळही बदलला नाही, तर त्या जागचा एक किलो कमी करण्यावर खर्च कशाला करायचा? ओळखता आलं, तर कुठल्या जागी जास्त ओळखता आलं ते तुमच्या वर्ग-अंतराच्या गणिताशी जुळतं का बघा. नाही जुळलं तर आणखी चांगलं, मग विचार करायला काहीतरी आहे. दोन चालकांवर निष्कर्ष काढू नका. आणि पडण्याचा धोका आहे, त्यामुळे हेल्मेट, मार्गदर्शकांची लेखी परवानगी आणि माणसांवर प्रयोग म्हणून एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्या.

तर टॉपिक चालेल का? "ट्रायल बाइकचे वजन कमी करणे" म्हणून नाही चालणार. "पुढच्या आसाजवळच्या वस्तुमानातील बदल चालकाला किती ग्रॅमपासून जाणवतो, आणि तेवढे वस्तुमान फोर्कच्या खालच्या भागातून फटीग आयुष्य न घटवता काढता येते का" म्हणून चालेल. शीर्षक लांब झालं, ते मार्गदर्शक कापतील. त्यात काय मोजायचं ते आहे, कशाने मोजायचं ते ठरवता येतं, आणि उत्तर "नाही" आलं तरी थिसिस उभा राहतो.

भार मोजायला स्ट्रेन गेज लागेल. तो फोर्कवर कुठे आणि कसा चिकटवायचा, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत त्याचं रीडिंग का वाहत जातं, ते पुढच्या लेखात.